हळदोण्याचा ट्रंपेट

नानांना गाणे कोण गाते आहे याचे फारसे कुतूहल नसे. रेडिओवर गाणे लागले की ते हातातले वर्तमानपत्र मांडीवर ठेवीत आणि विचारीत, "हा मागे वाजवतोय तो कोण?" गायिकेचे नाव आम्हा भावंडांना ठाऊक असे, संगीतकाराचे नाव निवेदक सांगे, मागे वाजवणाऱ्याचे नाव मात्र कुणीच सांगत नसे. मग नाना स्वतःच उत्तर देत, "चॉकलेट आहे तो, चॉकलेट!" आम्ही हसत सुटत असू. ही नानांची थट्टा आहे असे मला कितीतरी वर्षे वाटत होते.

ते खरोखरच एका माणसाचे नाव आहे हे मला फार उशिरा कळले. आणि त्या माणसाचा आमच्या घराशी खरा संबंध जुळला तो त्याहूनही उशिरा, नानांनी ऐंशी ओलांडल्यावर, त्यांना माझेही नाव आठवेनासे झाले तेव्हा.

चिक चॉकलेट हे त्यांनी लावलेले नाव. मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ सालचा, गोव्याच्या बार्देश तालुक्यातल्या हळदोणे गावातला. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या गावोगावी चर्चला जोडलेली शाळा असे. तेथला मेस्त, म्हणजे गुरुजी, मुलांना प्रार्थनेची गाणी म्हणता यावीत म्हणून स्वरलिपी वाचायला शिकवी आणि जरा गती दिसली की हाती व्हायोलिन देई. ज्या वयात आपल्याकडची मुले पाढे घोकत, त्या वयात ही मुले 'दो रे मी' घोकत. वाझ यांच्या आईची इच्छा होती की मुलाने मेकॅनिक व्हावे, चार पैसे खात्रीने मिळवावेत. कोणत्या आईची नसते? मुलाने ट्रंपेट धरला.

गावात राहून वाजवणाऱ्याचे पोट भरत नसे. लग्ने, चर्चची फेस्ते, एखादी मिरवणूक, संपले. म्हणून गोव्यातले वादक मुंबईला येत. धोबीतलावच्या परिसरात त्यांच्या एकेका गावाच्या 'कुडी' होत्या. कूड म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेली राहण्याची जागा : पेटी ठेवायला कोपरा, झोपायला पथारी आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणायची प्रार्थना. कुणी बोटीवरचा खलाशी, कुणी आचारी, कुणी वादक. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हे कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंत आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आले. त्यांच्यामागून क्रिकेट स्मिथ आले, टेडी वेदरफर्ड आले. कागदावरची प्रत्येक खूण वाचणाऱ्या गोव्याच्या वादकांना या मंडळींकडून कागदावर नसलेली गोष्ट ऐकायला मिळाली. चाल एकदा वाजवून झाली की मग ती मनाने फिरवायची, अडवायची, तिला भलत्याच वाटेने नेऊन पुन्हा समेवर आणायची. जाझ म्हणतात ते हे. आपला ख्यालगायक बंदिशीला घेऊन जे करतो त्याच्याशी त्याचे दूरचे का होईना, नाते आहे, असे मी म्हटले तर जाणकारांनी रागावू नये.

चिक चॉकलेट यांचे दैवत लुई आर्मस्ट्राँग. हातात पांढरा रुमाल, घोगरा सूर, ट्रंपेट वर रोखून धरण्याची ती ढब. लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँगच म्हणू लागले. त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद ताजमध्ये वाजू लागला. पुढे १९४९चा दारूबंदी कायदा आला, मुंबईतल्या हॉटेलांच्या रात्री फिक्या पडल्या आणि वादकांची पावले अधिकाधिक सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळली. तेथे त्यांची गाठ पडली पुणतांब्याच्या एका मराठी माणसाशी, रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र यांच्याशी. 'समाधी'तले 'गोरे गोरे', 'अलबेला'तले 'शोला जो भडके' ही गाणी ज्यांनी ऐकली आहेत त्यांना या भेटीतून काय निघाले ते सांगायला नको. चिक चॉकलेट त्यांचे साहाय्यक होते. नगर जिल्ह्यातला एक गडी आणि बार्देशातला एक, दोघांनी मिळून लॅटिन अमेरिकेचे ठेके मुंबईच्या चाळीचाळींत पोहोचवले.

त्यातल्याच एका चाळीत, ठाकूरद्वारला, नाना राहत होते. त्यांचा जन्म १९३४चा. 'अलबेला' आला तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. घरात खाणारी तोंडे नऊ. करमणुकीला पैसा नाही. संध्याकाळी ते पायी धोबीतलावापर्यंत जात. प्रिन्सेस स्ट्रीटवर अल्फ्रेड नावाचे हॉटेल होते. गोव्याचे वादक तेथे चहा घेत बसत आणि कामाचे बोलावणे येण्याची वाट पाहत. नाना समोरच्या फुटपाथवर उभे राहून त्यांच्या वाद्यांच्या पेट्या पाहत. कुणाच्या पेटीत काय असेल ते आकारावरून ओळखायचे, हा त्यांचा खेळ. 'अलबेला' त्यांनी पाच वेळा पाहिला, तोही भगवानदादांसाठी नव्हे. त्यात चिक चॉकलेट आणि त्यांचे साथीदार झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून प्रत्यक्ष पडद्यावर आले आहेत. "मागचा माणूस पुढे आला होता रे!" असे नाना सांगत. पुढे त्यांना रेल्वेच्या हिशेब खात्यात नोकरी लागली, संसार झाला, स्वतः त्यांनी कधी साधी बासरीही विकत घेतली नाही. चिक चॉकलेट १९६७ साली गेले, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली असताना. नाना ती बातमी कुठे वाचली हेही सांगत. ते आता माझ्याही लक्षात राहिले नाही.

२०१४च्या दिवाळीत नानांनी एकच फराळाचे ताट तीनदा मागितले. आम्ही हसलो. महिनाभराने ते दूध आणायला गेले आणि दोन तासांनी शेजारच्या गल्लीतल्या दुकानदाराने त्यांना हाताला धरून घरी आणले. मग तपासण्या झाल्या. स्मृतिभ्रंश, अल्झायमर. डॉक्टरांनी आजार समजावून सांगितला तेव्हा नाना माझ्या शेजारीच बसले होते आणि अत्यंत लक्षपूर्वक ऐकत होते, जणू तिसऱ्याच कुणाविषयी चालले आहे.

पुढच्या दोन वर्षांचे तपशील या पाक्षिकाच्या वाचकांना सांगायची गरज नाही; पुष्कळांच्या घरी ते चालू असतील. मी बँकेतून दोन वर्षे आधीच निवृत्त झालो. पत्नीची नोकरी चालू होती. दिवसा मदतीला एक मावशी येत. रात्री मी. नाना आंघोळीला नकार देत, दार उघडून बाहेर जात आणि दिवेलागणीच्या सुमारास फार कासावीस होत. "घरी जायचंय" म्हणत. मी म्हणायचो, "नाना, हेच घर." ते माझ्याकडे पाहत आणि विचारीत, "आपण कुठले?" मी म्हणे, "नाना, मी तुमचा मुलगा." त्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटे ते मला अजून सहन होत नाही. आनंद नव्हे, ओळखही नव्हे. परीक्षेत नापास झालेल्या मुलाची शरम. दिवसातून चार-पाच वेळा मी त्यांना नापास करीत होतो आणि त्याला सत्य सांगणे म्हणत होतो.

गाण्याची कल्पना माझ्या धाकट्या बहिणीची. ती नाशिकला असते. कुठेतरी वाचून तिने फोन केला, "दादा, नानांना त्यांची गाणी लाव ना." मी उत्साहाने बाजारात जाऊन कानांवर बसणारे महागडे हेडफोन आणले, ते नानांच्या डोक्यावर चढवले आणि, त्यांना कमी ऐकू येते म्हणून, आवाज पुरेपूर वाढवून 'शोला जो भडके' लावले. नाना ओरडलेच. त्यांनी हेडफोन ओरबाडून फेकले आणि माझ्या तोंडावर हात मारला. आयुष्यात त्यांनी मला कधी मारले नव्हते. मी पलीकडच्या खोलीत जाऊन बसलो आणि, खरे सांगतो, त्या वेळी माझ्या मनात जे आले ते नानांविषयी चांगले नव्हते.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी दोन गोष्टी समजावल्या, त्या येथे मुद्दाम नोंदवतो. उतारवयात कान अधू होतो याचा अर्थ सगळेच आवाज सारखे कमी ऐकू येतात असा नाही. हळू आवाज ऐकूच येत नाही, आणि जरा वाढवला की तोच एकदम असह्य मोठा होतो. मधली सुखाची पट्टी अरुंद होते. ट्रंपेटसारखा टोकदार आवाज तर कानात भाल्यासारखा शिरतो. आणि दुसरे, डोक्याला काहीतरी घट्ट बसले आहे आणि आतून आवाज येतो आहे, हे ज्याला समजत नाही त्याला ते भीतिदायकच वाटणार. ओळखीच्या गाण्यांची आठवण या आजारात पुष्कळदा बऱ्याच उशिरापर्यंत टिकते, विशेषतः तरुणपणी ऐकलेल्यांची. पण त्याने आजार मागे हटत नाही, ही अपेक्षा ठेवू नका, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले. त्या स्पष्टपणाचा मला राग आला होता. आता नाही.

मग आम्ही शिकलो. दूरदर्शन संच बंद, पंखा कमी, साधा छोटा स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला. आवाज आपण गप्पा मारतो तेवढाच. एका वेळी एकच गाणे, तेही सकाळी साडेनऊला, आंघोळीच्या आधी. पहिले काही दिवस काहीच झाले नाही. नवव्या की दहाव्या दिवशी 'गोरे गोरे' चालू असताना मावशींनी मला हाक मारली. नानांचा उजवा पाय हलत होता. नुसता हलत नव्हता, ठेक्यात होता. मावशींनी त्यांचा हात धरला, ते उठले, आणि त्या ठेक्यावर दोघे न्हाणीघरापर्यंत गेले. आत गेल्यावर गाणे थांबले तरी त्यांची कुरकुर झाली नाही. रोज असे झाले असे मी म्हणणार नाही. आठवड्यातून चारदा झाले तरी आमच्या घरात सण असे.

संध्याकाळी हे ट्रंपेट चालत नसत. एकदा प्रयोग केला आणि रात्री दोनपर्यंत जागलो. दिवेलागणीला 'अलबेला'मधलीच ती अंगाई लागे. ज्या चित्रपटाने मुंबईला नाचवले त्याच चित्रपटात अशी झोपवणारी चाल असावी, हा चितळकरांचा आम्हा शुश्रूषा करणाऱ्यांवर उपकारच.

त्या पायाचा आणखी एक उपयोग झाला. २०१६च्या पावसाळ्यात एका सकाळी गाणे लागले आणि पाय हलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ताप नव्हता, खोकला नव्हता. नाना नुसते भिंतीकडे पाहत होते, मधेच हवेत काहीतरी वेचत होते. आजार वाढला असणार, असे आम्ही धरून चाललो होतो. मावशी म्हणाल्या, "साहेब, हे आजाराचं नाही. काहीतरी दुखतंय त्यांना." तपासणी केली तर लघवीचा जंतुसंसर्ग निघाला. म्हातारपणी ताप न येताही असा संसर्ग होतो आणि एक-दोन दिवसांत माणूस एकाएकी अधिक गोंधळतो किंवा अगदी मलूल होतो. बद्धकोष्ठ, दुखणे, नवे औषध यांनीही तसे होऊ शकते. असा बदल अचानक झाला तर तो स्मृतिभ्रंशाच्या खात्यावर न टाकता लगेच डॉक्टरांना दाखवायचा असतो. औषध सुरू झाल्यावर सहाव्या दिवशी पाय पुन्हा हलला. त्यानंतर चिक चॉकलेट आमच्या घरचे थर्मामीटर झाले.

या सगळ्यात माझे काय चालले होते ते मला दिसत नव्हते. बहिणीला दिसले. २०१७च्या जानेवारीत ती आली, माझा रक्तदाब मोजला आणि आकडा बघून म्हणाली, "दादा, तू चार दिवस कुठेतरी जा. मी आहे इथे." मी नाही म्हणालो. मी नसलो तर नाना जेवणार नाहीत, झोपणार नाहीत, याबद्दल माझी खात्री होती. त्या खात्रीत प्रेम किती होते आणि अहंकार किती, हे तेव्हा विचारले असते तर मी भांडलो असतो. तसे भांडलोही. शेवटी पत्नीने तिकीट काढूनच हातात दिले. कुठे जायचे ते तिनेच ठरवले होते, "नानांच्या चॉकलेटचं गाव बघून या."

म्हापशाहून हळदोण्याला बस जाते. साधी, माणसांनी भरलेली. माझ्या मांडीवर शेजारच्या बाईंची भाजीची पिशवी होती. गाव हिरवे, घरांना पुढे बसायचे ओटे, बाजारात तेथली ती नावाजलेली मिरची. उतारावर संत थॉमसचे पांढरे चर्च आणि खाली म्हापशाची नदी. चर्च सोळाव्या शतकाच्या अखेरचे आहे. मी पायऱ्यांवर बसलो आणि बसल्या बसल्या झोपलो. दोन वर्षांत दिवसाढवळ्या इतकी गाढ झोप मला लागली नव्हती. जागा झालो तेव्हा ऊन सरकले होते आणि प्रथम मनात आले : नाना कुठे आहेत? दार कुणी लावले का?

चहाच्या टपरीवर मी चिक चॉकलेटविषयी विचारले. टपरीवाल्या मुलाला नाव ठाऊक नव्हते. बाकावरचे एक वृद्ध गृहस्थ मात्र वळून बसले. कोंकणीमिश्रित मराठीत त्यांनी सांगितले की त्यांच्या लहानपणी गावातल्या कितीतरी घरांतून संध्याकाळी व्हायोलिन ऐकू येई, आणि ज्याच्या घरातून ऐकू येईनासे झाले तो मुंबईला गेला असे समजायचे. "परत कोण येता?" ते म्हणाले. मी त्यांना नानांच्या पायाची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्यांची बायकोही आता कुणाला ओळखत नाही, पण रोजची प्रार्थना सुरू झाली की पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत म्हणते. चहाचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत.

बसस्टॉपकडे येताना एका घरातून कुणीतरी मूल व्हायोलिनवर स्वर घोटत असलेले ऐकू आले. एकच चढण, पुन्हा पुन्हा, दर खेपेला तिसऱ्या स्वरावर अडखळत. मी फोनवर ते मुद्रित केले. फार अर्थपूर्ण भेट घेऊन चाललो आहोत असे मला वाटत होते. नंतर नानांना ऐकवले तेव्हा ते म्हणाले, "बंद करा ते."

चौथ्या दिवशी संध्याकाळी घरी पोहोचलो. बहिणीने दारातच सांगितले : नाना व्यवस्थित जेवले, रात्री झोपले, आणि नाही, एकदाही माझी आठवण काढली नाही. ती हसत सांगत होती. मला बरे वाटले आणि तितकेच लागलेही. बॅग खाली ठेवून मी आत गेलो. दिवेलागणीची वेळ, म्हणजे त्यांच्या तगमगीची. ते खाटेच्या कडेवर बसून धोतराचा सोगा बोटांनी गुंडाळत होते. त्यांनी वर पाहिले.

"आपण कुठले?"

नेहमीचे उत्तर ओठांवर आले होते. ते मी गिळले.

"हळदोण्याहून आलो."

"हळदोणं." त्यांनी तो शब्द तोंडात घोळवला. "म्हणजे वाजवता तुम्ही."

"हो."

"पाहिलंय तुम्हाला. अल्फ्रेडमध्ये." त्यांच्या चेहऱ्यावर शरम नव्हती. हात सोग्यावरून सुटले होते. त्यांनी सरकून मला खाटेवर जागा करून दिली. बाहेरून कुकरची शिट्टी झाली, तिकडे त्यांनी क्षणभर कान दिला.

"आमचा मुलगा येईल आता," ते म्हणाले. "बँकेत असतो. गाण्यातलं काही कळत नाही त्याला, पण चांगला आहे. तो येईपर्यंत थांबा. त्याला ऐकवा काहीतरी."

"थांबतो," मी म्हणालो आणि त्यांच्या शेजारी बसलो.